अर्धलीची म्हैस

मंठ्याचा गुरांचा दवाखाना सरकारी होता. पावतीचे थोडे पैसे सोडले तर तिथला इलाज फुकट होता. हे सांगितलं की आजची मुलं विचारतात, मग अडचण कसली होती? अडचण दवाखान्याच्या बाहेर होती. आमचं गाव मंठ्यापासून आडबाजूला, मध्ये ओढा आणि गाडीवाट. बसलेलं जनावर तिथवर न्यायला बैलगाडी पाहिजे, आणि गाडी ज्याची त्याचं काम आधी. डॉक्टरलाच गावात आणायचं तर मंठ्यातून भाड्याची सायकल घ्यायची आणि त्यांना मागं बसवून आणायचं, पुन्हा नेऊन सोडायचं. दवाखान्यात औषध बहुतेक वेळा संपलेलं असे. ते औषधाच्या दुकानातून रोख आणायचं.

म्हणून वस्तीत जनावर आजारी पडलं की आधी डागायचे, मग झाडपाला, मग वाट पाहायची. डॉक्टर आणायचा ठरलाच तर काहीतरी विकावं लागे. आमच्या शेजारच्या बाईनं एक शेळी वाचवायला दुसरी विकली आणि आजारी होती ती वाचली नाही. त्यावर वस्ती बरेच दिवस हसली. ती बाईही हसायची. “दोन्हीबी सुटल्या, म्याबी सुटले,” म्हणायची.

आमच्या म्हशीची गोष्ट मी मॅट्रिकची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यातली. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. माझ्या घरात माझ्या आधी कुणी मॅट्रिकपर्यंत पोचलं नव्हतं. पास झाले तर जालन्याला कॉलेजात घालायचं, असं माझ्या वडिलांनी, म्हणजे बानं, ठरवलं होतं. फी माफ होणार होती, पण राहणं, खाणं, पुस्तकं हे माफ होणार नव्हतं. त्याची तजवीज म्हणजे ही म्हैस.

ती पूर्ण आमची नव्हती. गावातल्या एका शेतकरी घरच्या मालकीणबाईंनी ती वगार, म्हणजे लहान पारडी, असताना मायला अर्धलीनं दिली होती. अर्धल म्हणजे पाळायची आम्ही, चारा-पाणी आमचं. व्याली की गावातले चार लोक किंमत ठरवणार, आणि एकानं दुसऱ्याला निम्मे पैसे देऊन ती ठेवून घ्यायची, नाहीतर विकून निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे. दुष्काळात माय कामावरून परत येताना बांधाबांधानं खुरपून आणलेलं गवत तिला घालायची. आमच्या ताटात कमी आणि तिच्यापुढं जास्त, असे दिवस मी पाहिले आहेत.

या व्यवहारात आजारपणाचं कुणी बोलत नसे. अपशकुन नको म्हणून. मरणाची मात्र एक रीत होती. अर्धलीचं जनावर मेलं तर कुणी कुणाला काही देणं लागत नाही, पण पाळणाऱ्यानं त्याचं कातडं मालकाच्या दारात नेऊन टाकायचं. जनावर खरंच मेलं, परस्पर विकलं नाही, याचा तो पुरावा.

मायनं वगार घेतली तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं होतं, “रीत ठाऊक हाय ना गं?” माय “हाय” म्हणाली होती. ठाऊक असणारच. एके काळी साऱ्या गावची मेलेली ढोरं आमचीच माणसं ओढत होती आणि सोलत होती. मी जन्मले त्या सुमारास वस्तीनं बौद्ध धम्म घेतला आणि ते काम सोडलं. त्यासाठी मार खाल्ला, गावानं पाणी बंद केलं ते सोसलं, पण पुन्हा सुरीला हात लावला नाही. मायच्या मनात त्या दिवशी हे आलंच नसेल. धडधाकट वगारीकडं पाहताना कोण तिच्या कातड्याचा विचार करतो!

म्हैस बुद्धपौर्णिमेच्या आठ-दहा दिवस आधी व्याली. वगारच झाली. वस्तीत घरोघर चीक वाटला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी माय गोठ्यात गेली तर म्हैस बसलेली, मान वळवून कुशीला टेकवलेली, कान गार, डोळे मंद. माय तिच्या पाठीवर थापा मारू लागली. म्हैस हलेना.

शेजारचे म्हातारबाबा काठी टेकत आले. “डागा. दुसरं काय!”

“डागली अन् मेली तर मालकीणबाई म्हणल, तुमीच मारली,” माय म्हणाली. मग बाच्याकडं वळून म्हणाली, “तुमी आधी तिकडं जा. सांगून या. तिचीबी निम्मी हाय.”

बाच्या मागोमाग मीही गेले. मालकीणबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. बा अंगणात उभा राहिला.

“बाई, म्हैस बसली. मंठ्याहून डॉक्टर आणावा म्हणतो.”

“आण की. मला काय इच्यारतो?”

“खर्चा हाय बाई. बाटली इकत घ्यावी लागती म्हणतेत. निम्मा तुमी—”

“काऊन? दूध म्या काढून राह्यले का? चीक तरी आला का माझ्या घरला?”

आमच्या घरचा चीक त्यांच्या घरात चालला नसता, हे त्या दोघांनाही माहीत होतं. मालकीणबाईंनी सूप झटकलं.

“चारापाणी, दवादारू पाळणाऱ्याची. किंमत वाढली तर दोघांची. अन् जल्दी कर काय करतो ते. इथं उभा राहून ती उठणार हाय का?”

त्यांच्यावर मी नंतर पुष्कळ वर्षं रागावले होते. पण त्या काही जगावेगळं बोलल्या नव्हत्या. गावात सगळ्यांच्याच अर्धली अशा होत्या.

आता पैसे कुठून आणायचे? पीठ-मीठ आणायला होते, बाटलीला नव्हते. वस्तीत रोख रक्कम एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे विहाराच्या पेटीत. आम्हाला विहार बांधायचा होता. दर बाजाराच्या दिवशी प्रत्येक घर मजुरीतून थोडे पैसे त्या लोखंडी पेटीत टाकायचं. किल्ली वस्तीतल्या गुरुजींकडं असे. ते प्राथमिक शाळेत शिकवत आणि वस्तीत त्यांचा शब्द चाले. पौर्णिमेला सगळ्यांपुढं पेटी उघडून मिस्त्रीला इसार द्यायचा ठरला होता.

गुरुजींनी पाच-सहा घरच्यांना बोलावलं. कुणी नाही म्हटलं नाही. म्हातारबाबा तेवढे म्हणाले, “बुद्धाच्या घराच्या आधी म्हशीला सुई. चालू द्या.” लोक हसले.

गुरुजी मायला म्हणाले, “वहिनी, पौर्णिमेपर्यंत आले पाह्यजेत. मिस्त्रीला शब्द दिलाय.”

“पौर्णिमेच्या आधी येतील,” माय म्हणाली.

बा मंठ्याला गेला आणि दुपारी डॉक्टरांना सायकलवर मागं बसवून घेऊन आला. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. त्यांनी म्हशीचे कान हातात धरून पाहिले, डोळ्याची पापणी पाहिली आणि म्हणाले, “व्याल्यावर होतं असं. अंगातला चुना सगळा दुधात उतरतो. मरत नाही, पण वेळेवर बाटली गेली पाहिजे.”

बाटली कोमट पाण्यात धरून ठेवायला त्यांनी मला सांगितलं. मग मानेच्या शिरेत जाड सुई घातली, रबरी नळी लावली आणि मला बाटली उंच धरून उभं केलं. औषध हळूहळू उतरत होतं. डॉक्टर एका हातानं तिच्या छातीवर ठोके बघत होते. बाटली निम्मी रिकामी झाल्यावर म्हशीचं अंग थरथरू लागलं. मग तिनं ढेकर दिला, शेण टाकलं. सुई काढून थोडा वेळ गेला तेव्हा ती मागच्या पायांवर जोर देऊन, एकदा घसरून, उठली. वस्तीतल्या बायकांनी गलका केला. बा नुसता तिच्या शेपटीला धरून उभा होता.

मी त्याआधी कुणाला मरणाच्या दारातून असं परत येताना पाहिलं नव्हतं. शिकलं की माणसाला असं काही करता येतं, हे मला त्या दिवशी दिसलं. त्याबद्दल मी त्या डॉक्टरांची कायम ऋणी आहे. त्यांनी आमच्या घरचा चहा घेतला, कप-बशीही न बघता, आणि वरचे पैसे घेतले नाहीत. निघताना बाला बजावलं, “चार-पाच दिवस धार सगळी काढायची नाही. निम्मं दूध कासेतच राहू द्या. सगळं काढलं तर पुन्हा बसेल. आणि पुन्हा बसली तर लगेच दुसरी बाटली.”

बानं हे मायला सांगितलं. मायनं ऐकलं. पण कासेत दूध सोडायचं म्हणजे काय, हे तिच्या हातांना कळत नव्हतं. दूध राहिलं की कास दगडासारखी होते, सड जातो, असंच ती लहानपणापासून ऐकत आली होती. आणि दुसरी गोष्ट पेटीची. मंठ्याच्या रस्त्यावर एक हॉटेलवाला होता, तो दूध कुणाच्या घरचं ते विचारत नसे, भाव मात्र कमी द्यायचा. लगीनसराईत त्याला दूध पाहिजेच होतं. पहिल्या दिवशी मायनं थोडं दूध ठेवलं. दुसऱ्या दिवशी कमी ठेवलं. मग एका सकाळी बानं पाहिलं तर ती शेवटच्या थेंबापर्यंत पिळत होती.

“डॉक्टर काय म्हणाले व्हते?”

“डॉक्टरला पौर्णिमेला पेटीपुढं बसायचं न्हाई,” माय म्हणाली. “सगळ्यांच्या समोर पेटी उघडल. कमी भरली तर कुणाचं नाव निघल? बघा, कशी उभी हाय ती. वाघीण.”

म्हैस खरोखरच चांगली दिसत होती. रवंथ करत होती. त्याच दिवशी संध्याकाळी मायनं पदराच्या गाठीतून सगळे पैसे काढून गुरुजींच्या हातावर ठेवले. गुरुजी म्हणाले, “इतकी काय घाई व्हती वहिनी, राहू द्यायचे की हाताशी.” पण माय हट्टाला पेटली होती. तिच्या देखत पैसे पेटीत पडले आणि कुलूप लागलं, तेव्हा ती घरी आली. मी तिला इतकं हलकं चालताना क्वचित पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस पुन्हा बसली. तशीच मान वळवून.

या वेळी कुणाला विचारायचं नव्हतं, काय करायचं ते ठाऊक होतं. बाटली आणायची. पण घरात पैसे नव्हते, ते पेटीत होते. आणि गुरुजी पहाटेच जालन्याला गेले होते, पौर्णिमेसाठी मेणबत्त्या, पांढरं कापड असं सामान आणायला. किल्ली त्यांच्या करगोट्याला.

“तोडा कुलूप,” माय म्हणाली.

बा पेटीजवळ गेला. मी बरोबर होते. त्यानं कुलूप हातात धरून पाहिलं. ते काही भक्कम नव्हतं, दगडाच्या एका ठोक्यात तुटलं असतं. त्यानं ते सोडलं आणि उठला.

“सगळ्यांचं हाय ते,” तो म्हणाला. “म्या उधारीवर आणतो.”

औषधाच्या दुकानदारानं उधार दिलं नाही. बा त्याच्या ओळखीचा नव्हता. डॉक्टरांनी शब्द टाकला असता तर बाटली मिळाली असती, म्हणून बा दवाखान्यात गेला. डॉक्टर लसी टोचायला दुसऱ्या गावाला गेले होते, दुपारनंतर येतील असं तिथल्या माणसानं सांगितलं. बा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. हे सगळं त्यानं नंतर सांगितलं. तो डॉक्टरांना आणि बाटलीला घेऊन ओढा ओलांडत होता, तेव्हा इकडं म्हैस गेली होती.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. कासेला हात लावला. ती रिकामी होती. त्यांना काय ते समजलं असावं, पण ते मायला काही बोलले नाहीत. बाटली त्यांनी परत पिशवीत ठेवली आणि म्हणाले, “ही मी दुकानात देऊन टाकतो.” माय वगारीला मिठीत घेऊन गोठ्याच्या कुडाला टेकून बसली होती.

मग कातड्याचा प्रश्न उभा राहिला.

बा मालकीणबाईंकडं सांगायला गेला आणि लगेच परत आला. काय झालं ते त्यानं बसलेल्या माणसांना सांगितलं. तो त्यांना म्हणाला होता, बाई, येऊन डोळ्यानं पाहा. त्या म्हणाल्या होत्या, मी काय तुमच्या वस्तीत मढं पाहायला येऊ? रीत आहे ती कर. तो म्हणाला, ती रीत आम्ही सोडली. त्यावर त्या म्हणाल्या, मग निम्मे पैसे आण.

“व्यालेल्या म्हशीचे निम्मे!” म्हातारबाबा म्हणाले. “तुझी साल निघल पोरा त्यात.”

एक जण म्हणाला, “शेजारच्या गावातून कुणालातरी बोलवू. तो सोलून नेल, कातडं टाकल तिच्या दारात. तुमी नगा हात लावू.”

“दुसऱ्याच्या हातानं करून घ्यायचं अन् आपले हात धुतलेले, असं न्हाई मला जमायचं,” बा म्हणाला.

माय उठून पुढं आली. चार माणसांत ती कधी बोलत नसे.

“कातडं दिलं की मिटलं. न्हाई दिलं तर पोरीचं जालना गेलं. ऐकून राह्यले का तुमी?”

“ऐकलं.”

“तुमाला येतं ते काम. न्हानपणी केलेलं हाय.”

“येतं,” बा म्हणाला. “म्हणूनच न्हाई करायचं.”

“सोडलं तुमी, अन् भोगून कोण राह्यलं?”

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. मला जालन्याला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री झोपेत मी कॉलेजच्या, न पाहिलेल्या, इमारतीत फिरत असे. आणि बाच्या हातात सुरी पाहायची माझी तयारी नव्हती.

शेवटी माय म्हणाली, “मंग खड्डा तरी धडाचा घ्या. कुत्र्यांनी उकरला न्हाई पाह्यजे.”

ओढ्याकाठची, वैशाखातली जमीन. वर दोन हात काळी माती, खाली मुरूम. वस्तीतले सगळे पुरुष आळीपाळीनं खणत होते आणि बायका घमेल्यानं माती बाहेर काढत होत्या. म्हशीएवढा खड्डा किती मोठा लागतो याची मला कल्पना नव्हती. तिला ओढायला दोर बांधताना म्हातारबाबा म्हणाले, “गावची ओढली तवा शिळी भाकर तरी मिळायची. घरची ओढून काय मिळून राह्यलं?” कुणी हसलं नाही.

खड्डा बुजवत असताना मालकीणबाईंचा गडी आला. बाई म्हणाल्या वगार घेऊन ये, ती किमतीत धरू. मायनं वगारीच्या गळ्यातलं दावं त्याच्या हातात दिलं. तो मातीआड गेलेल्या म्हशीकडं, अजून दिसणाऱ्या शिंगाकडं बघत उभा राहिला.

“म्या पाह्यली,” तो म्हणाला. “सांगतो बाईला.”

त्यानं सांगितलंही. पण मालकीणबाई त्याला म्हणाल्या, तू पाहिलीस, मग कातडं कुठाय?

संध्याकाळी गुरुजी जालन्याहून आले. ऐकून त्यांनी सामानाची पिशवी खाली ठेवली. “कुलूप तोडायचं व्हतं रे,” ते बाला म्हणाले. “कुलुपाचं काय एवढं!” मग ते आमच्या ओट्यावर बसून राहिले. पौर्णिमेला पेटी उघडली, रक्कम बरोबर निघाली, मिस्त्रीला इसार दिला गेला. आमच्या घरचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. मायला हवं होतं तसंच झालं.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झाले. गुरुजींनी पेढे वाटले, स्वतःच्या पैशानं. त्या वर्षी मी जालन्याला गेले नाही. निम्म्या म्हशीचे पैसे फेडायला बा मालकीणबाईंच्या शेतात राबू लागला आणि दिवाळीनंतर कापूस फुटला तेव्हा मी आणि माय त्यांच्याच रानात वेचणीला जाऊ लागलो. आमची मजुरी त्या हिशेबात वळती व्हायची. मला वेचणी जमत नसे, बोंडाच्या टोकांनी बोटं रक्ताळायची. माय काही न बोलता माझ्या तासातला, म्हणजे माझ्या वाट्याच्या ओळीतला, कापूस अधूनमधून वेचून माझ्या ओटीत टाकायची.

पुढच्या वर्षी गुरुजींच्या ओळखीनं जालन्यात मस्तगडला एका घरी माझी राहायची सोय झाली, शिष्यवृत्ती मिळाली, आणि मी शिकले. ज्या ज्या लोकांनी हे घडवलं त्यांची आठवण काढल्याशिवाय माझा एकही दिवस जात नाही. पण आधी तो हिवाळा काढायचा होता.

एका दुपारी मालकीणबाई डोक्यावर पदर घेऊन बांधावर आल्या. मग मायच्या अगदी जवळ आल्या, इतक्या जवळ त्या एरवी येत नसत, आणि हळू आवाजात, भांडण नसल्यासारखं, म्हणाल्या, “आता तर पैसे फिटत आलेत. आता खरं सांग. खरंच मेली व्हती का गं?”

मायनं वाकलेली कंबर सरळ केली नाही. वेचता वेचता ती म्हणाली, “चला. आत्ता चला. खड्डा उकरते.”

मालकीणबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडावरून कळेना की त्या येतात की काय. मला वाटलं, त्या येतील. माय ओटी सोडून तयार होईल आणि आम्ही तिघी खोरं घेऊन ओढ्याकडं जाऊ.

“कामाचा टाईम हाय,” मालकीणबाई म्हणाल्या आणि बांधावरून निघून गेल्या.

माय पुढच्या तासाला लागली.